मिठाची पाळी

धुळ्यात आल्यावर मी पहिलं वरण केलं, ते दोन तास स्टोव्हवर ठेवूनही शिजलं नाही. डाळ खाली, पाणी वर, आणि हळद मधल्यामधे हिंडतेय. डाळ काही साधीसुधी नव्हती, जळगावची होती. आमचं घर डाळमिलच्या शेजारी, वडील त्याच मिलमध्ये कामाला, आणि जगात चांगली डाळ एकाच गावात होते याबद्दल आमच्या घरात दुमत नव्हतं. ती शिजत नाही म्हणजे काय! मी पातेलं घेऊन मागच्या अंगणात निघाले, तर घरमालकीण दारात उभी. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा असावा तिथे लोखंडी पाना खोचलेला. तिने पातेल्यात बोट घातलं, एक दाणा उचलून अंगठ्याखाली दाबला आणि विचारलं, "कुठल्या नळाचं पाणी घेतलंस?"

"पुढच्या."

"पुढचं पाणी भिंती बांधायला. डाळीला मागचं घ्यायचं."

या आमच्या अक्का. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले होते. आठवीच्या वर्गात दुष्फेन आणि सुफेन पाणी हा धडा मी त्याच आठवड्यात मोठ्या तोऱ्यात शिकवला होता. फळ्यावर साबणाची आकृतीसुद्धा काढली होती. घरी येऊन मात्र मी डाळीला शिव्या देत बसले. अक्कांची शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण त्यांना दाणा दाबल्याबरोबर कळलं.

वडिलांनी मला परगावी एकटीनं राहू दिलं ते केवळ अक्कांना पाहून. त्या काळी एकट्या मुलीला खोली देणारं घर शोधून सापडत नसे. "ही खोली सुटली तर त्याच दिवशी सामान बांधून घरी यायचं, नोकरी राहिली बाजूला," असं त्यांनी अक्कांच्या देखतच सांगितलं होतं. अक्कांनी मान हलवली आणि वडिलांना विचारलं, "ही रोज किती कळशा पाणी वापरेल?" वडिलांना वाटलं, बाई जरा विक्षिप्त दिसते. त्यांचं चुकलं नव्हतं.

मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली पुरुषभर उंचीची एक लोखंडी टाकी होती, शेजारी मिठाचं लाकडी पिंप, आणि दोघांच्या मधे चार कॉक. टाकीत तळाला वाळू, तिच्यावर मधाच्या रंगाचे मोहरीएवढे दाणे. विहिरीचं जड पाणी वरून आत सोडलं की त्यातला चुना त्या दाण्यांना चिकटायचा आणि मागच्या नळाला गोडं पाणी यायचं. एकशेवीस कळशा निघाल्या की दाणे चुन्यानं भरून जात. मग टाकी आधी उलट्या बाजूनं धुवायची, पिंपातलं मिठाचं पाणी दाण्यांवरून सोडायचं, ते चुना घेऊन गटारीत गेलं की साध्या पाण्यानं खळखळून धुवायचं. दाणे परत ताजे. याला आमच्या घरात 'मीठ देणं' म्हणत. घरात माझ्यासकट चार भाडेकरू होते आणि दर खेपेला लागणारं चार किलो खडेमीठ ज्याची पाळी असेल त्याने आणायचं, हा अक्कांचा कायदा होता.

टाकी बसवली होती अक्कांच्या यजमानांनी. ते गिरणीत बॉयलरवर कामाला होते. गिरणीनं जुनं यंत्र मोडीत काढलं तेव्हा त्यांनी टाकी घरी आणली, हौसेनं उभी केली आणि वर्षाच्या आत ते गेले. आता टाकीही भंगारात जाणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पुढचे सहा महिने आपण फक्त चुका केल्या, असं अक्का स्वतःच सांगत. एकदा उलटं धुताना पाणी इतक्या जोरात सोडलं की निम्मे दाणे वरच्या तोंडातून उसळून गटारीत गेले. अक्कांनी पदर खोचून गटार उपसली, गाळ पिठाच्या चाळणीनं चाळला आणि दाणे धुऊन परत टाकीत घातले. तेव्हापासून त्या तोंडाला यजमानांच्या धोतराचं फडकं बांधलेलं असे. "जिते असताना पाण्याला एवढा हात नाही लावला त्यांच्या धोतरानं," असं त्या एकदा मला म्हणाल्या आणि पाना घासत बसल्या.

पाणी बिघडलं की अक्का टाकीला हात लावत नसत. आधी औषधाच्या बाटलीत पाणी घ्यायचं, साबणाचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि शंभर आकडे मोजायचे. फेस टिकला तर ठीक. नाही टिकला तर अक्का घरोघर फिरून चौकशी करायच्या. त्यांच्या पुतण्यानं एकदा फिटर आणला होता. त्यानं आल्या आल्या नटाला पाना लावला. अक्कांनी पाना काढून घेतला, त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, "आधी विचारायचं, मग खोलायचं."

"कोणाला विचारायचं?" फिटर म्हणाला.

"घराला."

छपराखालच्या भिंतीवर खडूनं प्रत्येक बिऱ्हाडाच्या रोजच्या कळशा लिहिलेल्या असत. चारी मिळून तीस, आणि त्याखाली चार दिवसांच्या एकशेवीस. पाहुणे येणार असले तर आदल्या दिवशी कळवायचं. माझी आई चार दिवस येणार म्हटल्यावर अक्कांनी विचारलं, "केस लांब आहेत का त्यांचे? इथं न्हाणार का?" आईला मी हे सांगितलं नाही. पण कोणाकडे बाळंतपणाला मुलगी येणार, कोणाकडे नवराबायकोत बिनसलंय आणि एकजण खानावळीत जेवतोय, हे अक्कांना पाण्यावरून कळे. त्या कधी त्याची वाच्यता मात्र करत नसत. चौकशी फक्त मिठापुरती.

मीठ दिल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या वेळी अक्का निघत. एकेका बिऱ्हाडात शिरायच्या, पातेल्यातला दाणा दाबायच्या, उभ्या उभ्या चमचाभर वरण तोंडात टाकायच्या आणि पुढच्या घरी. बसायच्या कुठेच नाहीत. "शेवटच्या घरची डाळ शिजली की मशीन बरोबर," असं म्हणायच्या. आज माझ्याकडे कुकर आहे, तीन शिट्ट्यांत काम होतं, तरी झाकण काढल्यावर पहिला दाणा मी अंगठ्याखाली दाबून बघते. मुलं हसतात. हसू देत.

आणखी एक सांगायचं म्हणजे त्यांची भाषा. आम्हा भाडेकरूंशी त्या आमच्यासारखं शहरातलं मराठी बोलत. अहिराणी निघायची ती तीनच ठिकाणी: रागावल्या तर, मशीनशी बोलताना, आणि अगदी घरच्या माणसांत. त्यामुळे त्यांच्या तोंडून 'आहे'चं 'शे' झालेलं ऐकू आलं की आम्ही आपापल्या खोल्यांत जात असू.

आता माझ्या चोरीची गोष्ट.

शाळेत माझ्याबरोबर सुमन नावाची शिक्षिका होती. मराठी शिकवायची, अक्षर मोत्यासारखं, आणि हेडमास्तरीणबाईंना तोंडावर नाही म्हणू शकणारी शाळेतली एकटीच. बौद्ध कुटुंब, राहायची आमच्या मागच्या दारापासून दोन मिनिटांवरच्या वस्तीत. त्या वस्तीतलं कुणी आमच्या गल्लीत पाण्याला येत नसे. कायद्यानं येता येत होतं, पण येत कुणी नव्हतं आणि या म्हणतही कुणी नव्हतं. सुमनचे सासरे मोठ्या आजारातून उठले होते, दात एकही नव्हता, आणि डॉक्टरांनी मऊ वरणभात सांगितला होता. तिच्याकडच्या पाण्यात डाळ शिजेना. रॉकेल रांगेत उभं राहून मिळायचं, ते एकट्या डाळीपायी संपत होतं. तिनं हे मला गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही, हसत हसत सांगितलं. म्हातारबुवा डाळीचे दाणे बाजूला काढून मोजतात, म्हणाली.

मी दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आल्यावर मागच्या दारानं दोन कळशा गोडं पाणी तिच्याकडे नेऊ लागले. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अक्कांना विचारलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

विचारलं नव्हतं. माझी हिंमत झाली नव्हती. अक्का नाही म्हणाल्या तर काय, आणि रागावून खोली सोड म्हणाल्या तर काय. वडिलांचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. खोली गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की जळगावात माझ्यासाठी पाहून ठेवलेलं एक स्थळ होतं, ते डाळमिलच्या मॅनेजरचं.

थोड्याच दिवसांत, मीठ दिल्यापासून चौथ्या दिवशी दुपारीच फेस बसू लागला. अक्कांनी बाटली घेऊन घराला विचारलं. मला विचारलं तेव्हा मी "नाही" म्हटलं आणि वर विज्ञानाच्या शिक्षिकेला शोभेल असा उपाय काढला: पाणी जास्त जातंय ना, मग मीठही जास्त घालू. कोपऱ्यावरच्या दुकानातून खडेमीठ आणलं असतं तर दुकानदारानं अक्कांना सांगितलं असतं. म्हणून मी माझ्या स्वयंपाकाचं दळलेलं मीठ, अक्का दुपारच्या पडल्या की, वाडगा वाडगा पिंपात टाकत गेले. महिनाभर टाकलं.

मग पोळा आला. आदल्याच दिवशी मीठ दिलेलं, म्हणजे सणाला पाणी अव्वल हवं. सकाळी चारी बिऱ्हाडांत पुरणाची डाळ चढली आणि चारी बिऱ्हाडांत तशीच्या तशी राहिली. दहाच्या सुमारास अंगणात पातेली घेऊन सगळे जमले. पुरणपोळ्यांची खापरं तापवून ठेवलेली, कणीक भिजलेली, आणि डाळ दाताखाली कडकड वाजतेय. कचेरीत नोकरीला असलेले आमचे एक भाऊसाहेब होते, नियमाला पक्के. ते म्हणाले, "अक्का, मी म्हणतो बाहेरचं कुणीतरी पाणी नेतंय. मागच्या दाराला कुलूप लावा. वस्ती दोन पावलांवर आहे, हे विसरू नका."

मी बोलायला हवं होतं. मी पातेल्यातली डाळ ढवळत राहिले.

अक्कांनी बाटली हलवली. फेस नाही. टाकीला कान लावला. मग पिंपाचं झाकण काढलं. मीठ वरपर्यंत भरलेलं. त्यांनी पान्यानं पिंपाच्या बाजूवर वरपासून ठोकत आणलं. वर आवाज बद्द येत होता, मधोमध मात्र पोकळ. अक्कांनी मुसळ मागवलं आणि मिठात घातलं. ते रुतलं नाही, आदळलं. दुसऱ्या घावाला वरचा थर फुटला आणि मुसळ सरळ तळाला गेलं. पावसाळी हवेत बारीक मीठ धरून त्याची फरशी झाली होती. तिच्या खालचं खडेमीठ केव्हाच विरघळून संपलं होतं. वरून भरलेलं पिंप आतून रिकामं. आदल्या दिवशी दाण्यांना मीठ म्हणून जे दिलं ते जवळजवळ नुसतं पाणी होतं.

अक्कांनी फरशीचा एक तुकडा उचलून बोटांत चुरला. "हाई दयेल मीठ शे," त्या पिंपाशी बोलल्यासारखं पुटपुटल्या. हे दळलेलं मीठ आहे. साऱ्या घरात दळलेलं मीठ एकच बिऱ्हाड वापरत होतं. बाकीच्यांच्या बरण्यांत खडे होते. आणि अक्का तर दर चार दिवसांनी प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात जाणाऱ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पदराला हात पुसले आणि सगळ्यांना म्हणाल्या, "मीठ ओलं होऊन धरलं. पावसाळ्यात पिंप हलवून बघायचं, ते मी बघितलं नाही. चूक माझी. दोन तास द्या."

भाऊसाहेबांना कुलूप लावायला काही उरलं नाही. अक्कांनी पिंप उपसलं, नवं मीठ घातलं, टाकी धुतली, आणि दुपारी तीनला घरभर पुरणाचा वास सुटला. मी माझ्या खोलीत बसून होते.

चारला त्यांनी मला छपराखाली बोलावलं. "जळगावात मीठ दळून खातात, नाही का?" एवढंच म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. कोणासाठी, कुठे, केव्हापासून. सांगताना रडले. आता 'शे' ऐकू येणार म्हणून मी वाट बघत होते.

"किती कळशा?" अक्कांनी विचारलं.

"दोन."

"रोज?"

"रोज."

त्यांनी खडू घेतला. तीसचे बत्तीस केले. बत्तीस चोक एकशेअठ्ठावीस. खालच्या एकशेवीसवर बोट ठेवलं. "म्हणून चौथ्या दिवशी दुपारीच फेस जात होता. मी महिनाभर दाण्यांना दोष देतेय." मग माझ्याकडे वळल्या. "सांगितलं असतंस तर मीठ वाढवलं असतं."

साध्या शहरी मराठीत. मला आधी कळलंच नाही की त्या रागावलेल्या नाहीत.

"आणि तिला काय सांगितलं होतंस?"

"तुम्ही हो म्हणालात, असं."

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "तिले काबरं खोटं सांगं?" त्या म्हणाल्या. पाणी नेल्याबद्दल चकार शब्द नाही, आणि या एका गोष्टीवरून मी त्या दिवशी अहिराणीत जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी श्वास घेऊन म्हणाल्या, "आत्ता जा आणि तिला खरं सांग. तुझ्या खोलीचं मग बघू."

सुमननं ऐकून घेतलं. माझ्या दोन्ही कळशा रिकाम्या केल्या, पुसल्या आणि माझ्या हातात दिल्या. "तू मला चोर केलंस," ती म्हणाली. "भाऊसाहेबांसारखे लोक आमच्याबद्दल जे म्हणतात, ते तू खरं करून दिलंस." मी रिकाम्या कळशा घेऊन परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती पुढच्या दारानं. शाळेची साडी, हातात पिशवी. अक्का ओट्यावर होत्या. सुमन म्हणाली, "दीड महिना तुमचं पाणी न विचारता आलं. मला ठाऊक नव्हतं, पण आलं. हे चार किलो मीठ. पुढे पाणी घ्यायचं असेल तर मलाही पाळी लावा. नुसतं पाणी नको."

अक्कांनी पिशवीत हात घातला, एक खडा उजेडात धरून पाहिला. "खडा चांगला आहे," म्हणाल्या आणि भिंतीपाशी जाऊन चार ओळींच्या खाली पाचवी ओळ लिहिली: सुमनबाई, दोन.

भाऊसाहेब कचेरीत निघाले होते, ते थांबले. "अक्का, पाणी द्यायचं तर द्या. पण त्यांच्या हातचं मीठ आमच्या टाकीत?"

"मीठ गटारीत जातं, भाऊसाहेब. तुमच्या नळाला विहिरीचं पाणी येतं."

"पण आधी टाकीत तर जातं ना."

"जातं," अक्का म्हणाल्या. "तुमचंही जातं."

"मग आम्हाला दुसरी जागा बघावी लागेल."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. चार वर्षांत तो आवाज आम्ही कुणी नीट ऐकला नव्हता. "बघा की. तिथं आधी डाळ शिजवून बघा, मग मला न्या."

भाऊसाहेब छत्री घेऊन निघून गेले. जागा त्यांनी पुढे कधीच बघितली नाही.

मी धीर करून अक्कांना विचारलं, "माझी खोली?"

"तुझी पाळी पुढची आहे," त्या म्हणाल्या. "खडेमीठ आण."

सुमनचं मीठ दिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, स्वयंपाकाच्या वेळी, अक्का नेहमीसारख्या निघाल्या. भाऊसाहेबांच्या घरी दाणा दाबला, पुढच्या दोन घरी दाबला, माझ्याकडे चमचाभर वरण चाखलं. तपासणी संपली असं समजून मी पातेलं झाकलं. अक्का मागच्या दारात जाऊन चपला घालत होत्या. मग तशाच उभ्या राहिल्या. त्या घरात त्यांना तीस वर्षं झाली होती.

"माले तठली वाट म्हाईत नही," त्या कमरेच्या पान्याशी बोलल्यासारखं हळू म्हणाल्या. मग मला, "तू पुढे चाल."

दोन मिनिटांची वाट. मी पुढे, त्या मागे. सुमननं दार उघडलं. ती माझ्याशी अजून नीट बोलत नव्हती. तिनं अक्कांना विचारलं, "तपासायला आलात?"

"तपासायला."

पातेलं नुकतंच उतरलं होतं. अक्कांनी दाणा घेतला, अंगठ्याखाली धरला, आणि दाबायच्या आधीच त्याचं पीठ झालं. त्या मान हलवून वळणार, तोच खाटेवरून सुमनचे सासरे म्हणाले, "बसा ना, अक्का."

अक्का आमच्या कुणाच्या घरी कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी खाली पसरलेल्या सतरंजीकडे पाहिलं. बसायला गेल्या तर कमरेचा पाना टोचला. तो त्यांनी काढून बाजूला ठेवला आणि मांडी घातली. त्यांची कमर पान्याशिवाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. सुमननं वाटीत वरण दिलं. अक्कांनी सावकाश सगळं खाल्लं, बोट चाटलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी शे."

'शे' ऐकून मी सवयीनं दाराकडे वळले. पण त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि तिथे मशीनही नव्हतं.

म्हातारबुवा खाटेवरून म्हणाले, "बठ्ठं मीठ, सगळंच, तुमना पिंपमा गयं ना, अक्का."

अक्का हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, पदरानं डोळे पुसले, आणि वाटी पुन्हा सुमनपुढे धरली.